बांधातले बीळ



परसातल्या तळ्यांचे वृत्त वाचून आपल्यापैकी एका वडीलधाऱ्या बंधूंनी विचारले आहे की, तळी खोदून झाली, पाणीही साठले, मग बांधाच्या दुरुस्तीसाठी दर वर्षी मदत का लागते? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका ओळीत द्यायचे तर ते असे, की तळे माणूस एकदाच खोदतो, पण घूस आणि खेकडा ते रोज खोदत असतात. एवढ्याने समाधान होणार नाही हे मी जाणते. म्हणून हा पाठ थोडा सविस्तर लिहिते. खेड्यात ज्यांची स्वतःची शेततळी आहेत त्यांनाही तो उपयोगी पडेल.

आधी हिशेब पाहू. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात पावसाळ्यात पाणी इतके पडते की नाचणीची रोपे वाहून जावीत, आणि फेब्रुवारी उजाडला की बाया हंडे घेऊन झऱ्यांवर रात्री काढतात. म्हणून घरामागे छोटे तळे. आमच्या पाड्यांवरचे बहुतेक तळे वरून 10 मीटर लांब आणि तितकेच रुंद असते. बाजू उतरत्या, म्हणून तळाशी ते 6 मीटर भरते. खोली 2 मीटर. यात साधारण 1 लाख 30 हजार लिटर पाणी मावते. आता बांधात करंगळीएवढे एक छिद्र पडले आणि त्यातून मिनिटाला फक्त 1 लिटर पाणी जाऊ लागले असे समजा. ती धार डोळ्यांना दिसतही नाही, बांधाबाहेरचे गवत थोडे हिरवे राहते एवढेच. पण दिवसाला 1,440 लिटर झाले. म्हणजे नव्वद दिवसांत तळे कोरडे. दिवाळीला काठोकाठ असलेले पाणी संक्रांत उलटता उलटता संपते. उन्हावाऱ्याने उडून जाते ते वेगळेच.

रोहू-कटल्याचे बोटाएवढे बीज श्रावणाच्या सुमारास सोडले तर मासा विकण्याजोगा व्हायला फेब्रुवारी-मार्च येतो. पाणी जानेवारीत गेले तर मासाही गेला, वांगी-मिरचीचे वाफेही गेले, मोगऱ्याची नवी कलमेही गेली. आणि मग घरातली माणसेही जातात. वीटभट्टीचा मुकादम उचल घेऊन दारात उभाच असतो. ज्या घरात एप्रिलपर्यंत पाणी टिकले त्या घरातली मुले मार्चमध्ये शाळेच्या पटावर दिसतात, ज्याचे तळे आटले त्याची दिसत नाहीत. म्हणून बिळाचा विषय मला किरकोळ वाटत नाही.

पाणी बिळातूनच जाते की नुसते उडून जाते, हे ओळखायची एक सोपी रीत आहे. एक बादली तळ्याच्या कडेला दगडावर अशी ठेवावी की ती निम्मी पाण्यात बुडेल. बादलीत बाहेरच्या पातळीइतकेच पाणी भरावे आणि आतून-बाहेरून कोळशाने खूण करावी. पाऊस नसलेले तीन दिवस जाऊ द्यावेत. बादलीतले पाणी जितके उतरले तितके उन्हावाऱ्याचे. हिवाळ्यात ते दिवसाला अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास असते. तळ्याचे पाणी त्याहून जास्त उतरले असेल तर ते जमिनीत जिरते आहे किंवा बांधातून पळते आहे. गळती वरच्या अंगाला, बिळातून असेल तर पाणी एका ठरावीक पातळीपर्यंत भराभर उतरते आणि तिथे थबकते. ती पातळी म्हणजे बिळाचे तोंड. तिथे बांधाच्या आतल्या अंगाला शोधावे. वारा पडलेला असताना पाण्यावर भाताचे तूस भुरभुरले तर तेही कधी कधी त्या तोंडाकडे ओढले जाते.

बीळ कुणाचे?

बीळ दिसले की काहीतरी ओतायचे, ही घाई करू नये. आधी ते कुणाचे आहे ते पाहावे.

खेकड्याचे बीळ ओलाव्याच्या जागी, पाण्याच्या काठालगत असते. तोंड पसरट, खेकड्याच्या अंगाच्या ठेवणीचे, आणि त्याभोवती चिखलाच्या ताज्या गोळ्या टाकलेल्या. आमच्याकडे या शेतातल्या खेकड्यांना मुठे किंवा चिंबोरी म्हणतात. पाणी जसजसे खाली जाते तसतसा तो आपले बीळ खोल नेतो, कारण त्याला ओल सोडून राहता येत नाही. म्हणजे उन्हाळ्यात तो बांधाच्या पायात शिरतो. पहिल्या पावसात बाहेर पडतो, तेव्हा मागे रिकामी वाट राहते, आणि त्याच आठवड्यात तळे भरायला लागते.

उंदराचे बीळ कोरडे आणि वरच्या अंगाला. शेतात सगळ्यांत जास्त त्रास देतो तो काळपट, आखूड नाकाचा उंदीर, घुशीचाच धाकटा भाऊ म्हणा. तो खोदलेल्या मातीचा सैल ढीग तोंडापाशी घालतो आणि बहुधा त्याच मातीने तोंड बुजवून आत बसतो. आत फाटे असतात, भाताच्या लोंब्या साठवायची कोठी असते, आणि पळून जायची एक वाट जवळपास उघडायच्या बेताने, वर पातळ मातीचा थर ठेवून राखलेली असते. मादीला दिवस जाऊन पिल्ले व्हायला तीन आठवडे पुरतात, एका वेताला सहा-आठ सहज. भात उभे असते तोवर हे सगळे खाचरात असतात. कापणी झाली की तिथे काही उरत नाही. मग जवळची उंच, कोरडी, मऊ मातीची आणि पाण्याशेजारची जागा कोणती? आपण हौसेने घातलेला बांध.

तिसरा बिळकरी बीळ करतच नाही, आयते घेतो. नाग आणि घोणस उंदराच्या मागे बिळात जातात. म्हणून बिळात हात घालायचा नाही. मुलांनीही नाही, पैजेवरही नाही, मुठा समोर दिसत असला तरी नाही. साप चावला तर चिरायचे नाही, दोरीने आवळायचे नाही. चावलेला हात किंवा पाय न हलवता माणसाला थेट ग्रामीण रुग्णालयात न्यायचे. लस तिथे असते. भगताकडे आधी आणि दवाखान्यात मग, असे झाले की वेळ हातातून जातो.

कधी मोठे बीळ घोरपडीचे किंवा साळिंदराचे निघते. या प्राण्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना मारणे-पकडणे गुन्हा आहे, आणि गुन्हा आदिवासी माणसाच्या नावावर फार लवकर नोंदला जातो. तिथे बीळ रिकामे झाल्याची खात्री करून बुजवणे एवढेच आपले काम. धामण आणि घुबड यांना तर हाकलूच नये. दोघेही उंदरांवर जगतात. घुबड ओरडले की घरात कुणी जाते, ही समजूत पाड्यावर आहे तशी आपल्या काही ख्रिस्ती घरांतही आहे, हे मी हळूच नमूद करून ठेवते.

विष का नको

कृषी सेवा केंद्रात काळी पूड मिळते, झिंक फॉस्फाइडची. भरडलेल्या दाण्यात तेलाबरोबर कालवून ठेवतात. उंदराच्या पोटातल्या आम्लाशी तिची गाठ पडली की फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो आणि तो मरतो. कोंबडी, बदक, कुत्रा आणि माणूस यांच्याही पोटात आम्लच असते. या विषावर उतारा नाही. परसातले तळे म्हणजे घरापासून वीस पावले. तिथे कोंबड्या चरतात, रांगती मुले असतात, आणि कालवलेला दाणा खाऊसारखाच दिसतो. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचे तर नावच काढू नये. त्या गोळ्या सर्वसामान्यांनी वापरायच्या नाहीत असा नियम आहे, तरी बाजारात एखादी सुटी गोळी हातात पडते. ओल्या मातीत ती वायू सोडते आणि तो वायू भिंतीच्या फटीतून झोपलेल्या माणसांपर्यंत पोचू शकतो.

खेकड्यांसाठी कीटकनाशक बिळात ओतायची रीत त्याहून वाईट. खेकडा मारणारे औषध पाण्यात उतरले की मासाही मारते. वर, मेलेले वा अर्धमेले खेकडे कुणीतरी वेचून घरी नेतो आणि रात्री त्यांचाच रस्सा होतो. फोरेट या जहाल दाणेदार औषधावर 2020 अखेरपासून देशात बंदी आहे. जुनी पाकिटे कुणाच्या माळ्यावर असतील तर ती बिळात रिकामी करणे हा विल्हेवाटीचा मार्ग नव्हे.

मोठ्या शेतावर, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली विषाला जागा असेल. मी त्यावर भांडत नाही. पण ज्या पाण्यात मासे वाढवायचे आणि ज्याच्या काठावर मुले खेळायची, तिथे नको, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते आणि सांगत राहीन.

ज्यांना बीळ वाचता येते

मग करायचे काय? खोदायचे. आणि खोदणे ज्यांना येते त्यांना बोलवायचे.

आमच्या भागात हे ज्ञान कातकरी बांधवांकडे आहे. महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित जमातींपैकी ही एक. कात पाडण्याचा त्यांचा धंदा जंगलाबरोबर गेला, जमीन बहुतेकांकडे कधी नव्हतीच. शेतातले उंदीर खणून काढणे, ते खाणे आणि कोठीतल्या लोंब्या घरी नेणे हे त्यांच्या पोटापाण्याचे साधन होते. त्यावरून त्यांना हिणवलेही गेले, आजही जाते. शाळेतली पोरे एकमेकांना त्यावरून चिडवतात, आणि त्यामुळे कातकरी मुले हे काम शिकायला लाजतात. आपण वर्षाला धान्य किती पिकले ते मोजतो. उंदराच्या तोंडून वाचवलेले धान्य मोजले तर या माणसांचे शेतकऱ्यावर केवढे ऋण निघेल!

एका म्हाताऱ्या कातकरी बाबांबरोबर मी बांधावर पूर्ण दिवस काढला आहे. त्यांनी आदल्या संध्याकाळी सगळी तोंडे चिखलाने लिंपायला लावली. सकाळी जी उघडलेली दिसली ती जिवंत बिळे, बाकीची ओस. अठरा तोंडांपैकी सात उघडी होती, म्हणजे अर्ध्याहून जास्त मेहनत तिथेच वाचली. मग एक मडके, त्यात ओला पेंढा आणि शेणी पेटवून धूर आत फुंकला. धूर जिथून जिथून बाहेर आला तिथे काटकी रोवली. बांधावर बिळाचा नकाशाच उभा राहिला. पळवाटेवर एक जण बसला आणि खोदाई सुरू झाली. पहारीने ठोकून आवाजावरून आत पोकळ कुठे आहे ते बाबा सांगत होते. मी विचारले, "बाबा, हे तुम्हाला कसं कळतं?" ते म्हणाले, "ताई, तुमी पुस्तक वाचता नं, तसं." धर्मज्ञानाची पदविका घेताना मी जे काही वाचायला शिकले त्यात हे नव्हते.

या कामाची मजुरी द्यायची. पूर्ण, रोख, त्याच संध्याकाळी. "त्यांना उंदीर मिळतात की, वर पैसे कशाला," असे तळेमालक म्हणतात, आणि ते मालकही गरीबच असतात हे खरे. पण गवंड्याला आपण विटा खायला सांगत नाही. आपण पाठवलेल्या दुरुस्ती-निधीतला मोठा भाग या मजुरीवर जातो, आणि तो तसाच जावा असे माझे मत आहे.

यात वेळेची एक अडचण आहे आणि ती आम्हाला उशिरा समजून चालणार नाही. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भट्ट्यांवर निघतात ती पावसाच्या तोंडाला परततात. उंदीर बांधावर येतात कापणीनंतर. म्हणजे कापणी आणि भट्टीची गाडी यांच्यामध्ये जेमतेम दोन-तीन आठवडे हातात असतात. सगळ्या पाड्याचे बांध त्याच काळात, लागोपाठ खोदावे लागतात. एकट्याने आपला बांध साफ केला तर शेजारच्या बांधावरचे उंदीर महिन्याभरात तिथे राहायला येतात.

बुजवणे म्हणजे तोंड बंद करणे नव्हे

बहुतेक दुरुस्त्या फसतात त्या इथे. तोंडावर दगड ठोकला, वर माती थापली, झाले. आत बोगदा तसाच. पाणी चढले की ते त्यात शिरते, आतली माती थोडी थोडी घेऊन बाहेर पडते, वाट रुंद होत जाते आणि एका रात्री बांधाचा तुकडा बसतो.

बीळ शेवटापर्यंत उकरावे. निघालेला चर ओल्या चिकणमातीने वीतभर थर देत भरावा, आणि प्रत्येक थर धुमसाने ठोकावा. माती किती ओली? मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि हाताला चिखल लागू नये, इतकी. कोरडी माती कितीही ठोकली तरी बसत नाही. नुसता मुरूमही चालत नाही, तो पाणी धरत नाही.

बाहेरच्या अंगाला पाझर दिसला तर पाण्याचा रंग पाहावा. स्वच्छ पाणी झिरपत असेल तर लक्ष ठेवले तरी भागते. पाणी गढूळ असेल तर आतून माती निघून येते आहे, आणि तो धोक्याचा इशारा. अशा वेळी बाहेरचे तोंड चिखलाने बुजवू नये, कारण दाब आतच वाढतो आणि पाणी दुसरीकडून फोडून निघते. बाहेर आधी वाळू, तिच्यावर खडी आणि वर दगड असा थर द्यावा, म्हणजे पाणी निघेल पण माती अडेल. मग सांडव्यातून किंवा पंपाने तळ्याची पातळी उतरवावी आणि आतल्या बाजूने बीळ शोधावे.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि माणसे वाहून गेली. खेकड्यांनी धरण पोखरले, असे तेव्हा मंत्र्यांनी सांगितले आणि राज्यभर लोक संतापले. त्यांचा संताप योग्य होता. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. खेकडा हा गुन्हेगार नव्हे, तो सगळीकडेच असतो. बांध पाहायला वेळेवर कोण गेले, हाच प्रश्न. आपल्या छोट्या तळ्यांना तोच प्रश्न लागू आहे, फक्त इथे पाहायला जाणारे आपणच आहोत.

नवे तळे घेणाऱ्यांनी काही गोष्टी सुरुवातीलाच कराव्यात. बांधाचा माथा निदान मीटरभर रुंद ठेवावा, अरुंद बांध घूस एका रात्रीत आरपार करते. पायात चर खणून चिकणमातीची गाभाभिंत वर आणावी. बांधावर हरळी चालेल, ती माती धरते, पण आखूड कापावी. झुडपे नकोत, मोठी झाडे तर नकोच. झाड मेले की मुळे कुजतात आणि त्यांच्या जागी तयार बोगदे राहतात. दगडांची रचाई केली तर सांधे भरून घ्यावेत, नाहीतर आपणच उंदरांना चाळ बांधून देतो. भाताची उडवी बांधाजवळ रचू नये. आणि ज्यांनी प्लास्टिकचे अस्तर घातले आहे त्यांनी बेफिकीर राहू नये. 500 मायक्रॉनचा कागदही उंदीर कुरतडतो, आणि त्याखालचे बीळ दिसतच नाही. अस्तराच्या कडा मातीत पुराव्यात आणि पाण्याच्या पातळीच्या वर बाहेरून बारीक छिद्रांची लोखंडी जाळी फूटभर खोल उभी गाडावी. खर्च आहे, पण अस्तर बदलण्यापेक्षा खूप कमी.

खोदणाऱ्यांसाठी गमबूट आणि हातमोजे लागतात. उंदराच्या मुताने ओल्या झालेल्या मातीतून, पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाची भेग किंवा हाताचा ओरखडा त्याला पुरतो. काम संपल्यावर साबणाने हातपाय धुवावेत. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले तर नुसती तापाची गोळी घेऊन घरी बसू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि "बिळे खोदली होती" हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. डॉक्टर विचारतीलच असे नाही.

राहिला खेकडा. त्याचा इलाज चविष्ट आहे. मृगाच्या पहिल्या पावसाच्या रात्री तो आपण होऊन बाहेर येतो. बत्ती घेऊन बांधाबांधाने फिरले की टोपली भरते. वारली आणि ठाकर घरांत ही रात्र सणासारखीच असते. बांधाच्या पायथ्याशी, तोंड जमिनीच्या पातळीला येईल असे गुळगुळीत मडके पुरून त्यात माशाचे डोके टाकले तरी सकाळी दोन-चार मुठे त्यात बसलेले सापडतात, वर चढता येत नाही म्हणून. सकाळी त्यांची उघडी बिळे उजेडात दिसतात, ती त्याच दिवशी, तळे चढण्याआधी, उकरून ठोकून घ्यावीत. त्यासाठी चिकणमातीचा एक ढीग मे महिन्यातच बांधाशेजारी आणून, पेंढ्याने झाकून ठेवावा, कारण पाऊस लागल्यावर ठोकण्याजोगी माती मिळत नाही.